व्हॅक्यूम टिकला म्हणजे लीक नाही? एसीच्या गॅसबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

गाडीचा एसी थंड करेनासा झाला की काय करावं, हे सांगणारा एक संदेश या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत असतो. त्याचा सारांश असा: एसीतला गॅस वापराने दरवर्षी थोडा संपतोच, तेव्हा दरवर्षी भरून घ्यावा. लीक आहे की नाही ते आपलं आपल्याला कळतं. गाडी बंद असताना दाब मोजणाऱ्या गेजवर नव्वदच्या आसपास पीएसआय (दाबाचं एकक) दिसले की गॅस पूर्ण. जोडांवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे आले नाहीत की लीक नाही. पंपाने आतली हवा ओढून केलेला व्हॅक्यूम अर्धा तास टिकला की सिस्टिम पक्की. डाय (लीकच्या जागी चमकणारा रंग) आणि गॅस हुंगणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर म्हणजे बिल फुगवायचे बहाणे. आणि इतकं करूनही गॅस जातच असेल तर भोक आतून बुजवणाऱ्या सीलंटचा डबा सोडून मोकळं व्हावं.

या संदेशाची पंचाईत ही, की तो धादांत खोटा नाही. गेज, साबण, व्हॅक्यूम हे सगळं चांगले मेकॅनिकही वापरतात. पण प्रत्येक चाचणीला एका ठरावीक आकारापर्यंतचंच भोक दिसतं. त्याहून बारीक भोक तिला दिसत नाही, आणि संदेश लिहिणाऱ्याने ते न दिसणं म्हणजेच भोक नसणं असं धरलं आहे.

"गॅस दरवर्षी संपतोच"

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्सपान्शन वॉल्व्ह, कूलिंग कॉइल आणि पुन्हा कॉम्प्रेसर, असा तोच तो गॅस फिरत राहतो. वापराने त्यातला एक ग्रॅमही खर्च होत नाही. जो कमी झाला तो बाहेर गेला.

थोडा पाझर मात्र अटळ असतो. रबरी होजच्या भिंतीतून, जोडांतल्या रबरी ओ-रिंगच्या कडेने, कॉम्प्रेसरच्या फिरत्या शाफ्टच्या सीलमधून गॅस फार हळू निसटतो. किती निसटलेला चालेल? युरोपीय महासंघाने २००६ च्या निर्देशात आर-१३४ए या गाडीच्या एसीतल्या नेहमीच्या गॅससारख्या गॅसवरच्या गाड्यांसाठी वर्षाला ४० ग्रॅम, आणि दोन कूलिंग कॉइल असतील तर ६० ग्रॅम, अशी कमाल मर्यादा घातली. प्रवासी गाडीत साधारण ४०० ते ७०० ग्रॅम गॅस मावतो. म्हणजे ५०० ग्रॅमची गाडी अगदी त्या कमाल मर्यादेने गळत राहिली, तरी तीन वर्षांत जेमतेम पाव गॅस जाईल. मग जी गाडी दरवर्षी गॅस मागते तिच्या बाबतीत 'असं होतंच' हे उत्तर चालत नाही. तिच्यात लीक आहे आणि ते शोधलं गेलेलं नाही.

नुसतं वरून भरत राहण्यात आणखी एक गोची आहे. आत किती शिल्लक होता हे माहीत नसताना किती भरायचा हे ठरवणार कसं? जास्त झाला तरी थंडावा कमीच होतो आणि कॉम्प्रेसरवर दाब येतो तो वेगळाच. शिवाय लीकमधून गॅसबरोबर कॉम्प्रेसरला वंगण देणारं थोडं तेलही जातं. ते कोणी परत भरत नाही, आणि मग एक दिवस कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. पर्यावरणाचा हिशेब तर भरणाऱ्याच्या गावीही नसतो. आर-१३४एचा तापमानवाढीचा गुणांक कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरला जातो. ५०० ग्रॅम उडून गेला तर तो सातशे किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा.

योग्य सुरुवात वजनाने होते. मशीनने आतला गॅस बाहेर ओढून घ्यायचा, तो किती ग्रॅम निघाला ते बघायचं आणि बॉनेटखालच्या लेबलवरच्या आकड्याशी ताडायचं. गॅस पूर्ण निघाला तर लीक शोधण्यात अर्थ नाही. कंडेन्सरमध्ये माती बसली असेल, पंखा फिरत नसेल, केबिन फिल्टर तुंबला असेल किंवा गरम-थंड हवेची झडप अडकली असेल. कमी निघाला तर मागच्या वेळी कधी आणि किती भरला होता, त्यावरून महिन्याला किती ग्रॅम जातो ते काढता येतं. महिन्याला शंभर ग्रॅम आणि वर्षाला शंभर ग्रॅम या दोन वेगळ्या शिकारी आहेत. त्यांची हत्यारंही वेगळी.

"गेजवर नव्वद दिसले, म्हणजे गॅस पूर्ण"

बंद गाडीत गेज दाखवतं ते जवळजवळ तापमान. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल, तरी दाब तापमानानुसार ठरतो, प्रमाणानुसार नाही. आर-१३४एसाठी २५ अंशांना तो सुमारे ८२ पीएसआय आणि ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय असतो, मग आत ५०० ग्रॅम असो की २०० ग्रॅम. दाब याच्या बराच खाली असेल तर गॅस अगदीच संपत आला आहे एवढं खात्रीने म्हणता येतं. उलट बाजूने काहीच सिद्ध होत नाही.

"बुडबुडे नाहीत, म्हणजे लीक नाही"

इथे थोडं गणित करू. वर्षाला ४० ग्रॅम आर-१३४ए म्हणजे वायुरूपात साधारण साडेनऊ लिटर. दिवसाला सुमारे २६ मिलिलिटर, तासाला एक. एवढा गॅस जोडाच्या एकाच बिंदूतून येत असला, तरी तीन मिलिमीटरचा एक बुडबुडा तयार व्हायला पाऊण मिनिट लागेल. तोही समोर दिसणाऱ्या, थंड, स्वच्छ जोडावर. गरम इंजिनाशेजारी साबणाचं पाणी त्याआधीच वाळतं. होजच्या लांबीभर पसरलेला पाझर बुडबुडा करतच नाही. कंडेन्सरच्या पंखांच्या आत आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर तर साबण पोचतच नाही, आणि नेमक्या याच जागा वारंवार गळतात.

साबण टाकाऊ नाही. महिन्याला गॅस संपवणारं लीक त्याने मिनिटात सापडतं, आणि डिटेक्टरने दाखवलेल्या जागेची खात्री करायला त्याच्याइतकं साधं साधन नाही. पण 'हो' म्हणण्यापुरतंच त्याचं ऐकावं.

याच संदेशाला कोणीतरी शेपूट जोडलंय, की गाडीखाली पाणी ठिबकलं किंवा आत वास आला तर गॅस लीक आहे. ठिबकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं, कूलिंग कॉइलवर जमलेलं. ते ठिबकायलाच हवं. कुबट वास ओल्या कॉइलवरच्या बुरशीचा. गोडसर वास येऊन काचेवर चिकट धुकं धरत असेल तर हीटरच्या कॉइलमधून कूलंट गळतंय, ते लगेच दाखवा. आर-१३४एला जाणवण्याजोगा वास जवळपास नसतोच.

"व्हॅक्यूम टिकला, म्हणजे सिस्टिम पक्की"

सगळ्यात जास्त विश्वास याच वाक्यावर ठेवला जातो, आणि फक्त फॉरवर्ड वाचणारेच ठेवतात असंही नाही. गॅरेजमध्येही 'व्हॅक्यूम होल्ड केला, भरून टाक' हे सर्रास ऐकू येतं.

आधी दिशा बघा. एसी चालू असताना गॅस आतून बाहेर ढकलतो, हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूला, सहज २०० पीएसआय किंवा त्याहून जास्त दाबाने. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत ढकलते, आणि ती कितीही पूर्ण व्हॅक्यूम केला तरी १४.७ पीएसआयच्या पुढे ढकलू शकत नाही, कारण वातावरणाचा दाबच तेवढा. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर आपण हवा भरून शोधतो, हवा काढून नाही. जी फट आतल्या दाबाने उघडते, ती व्हॅक्यूमने उलट ओढली जाऊन मिटूही शकते.

आता काट्याकडे बघा. वर्षाला ४० ग्रॅमच्या त्या भोकातून व्हॅक्यूममध्येही तासाला एक मिलिलिटरच हवा आत येते असं उदारपणे धरू; खरं तर ती बरीच कमी येईल, कारण ढकलणारा दाबच कमी आहे. सिस्टिमची आतली जागा दोन लिटर धरली, तर अर्ध्या तासात अर्धा मिलिलिटर हवेने दाब वातावरणाच्या एक चार-हजारांशाने वाढेल. साध्या गेजच्या तीस इंचांच्या पट्टीवर हे इंचाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. काटा हललेला दिसणंच शक्य नाही. तो टिकला, कारण त्याला यापेक्षा बारीक दिसत नाही.

उलटही होतं. काटा वर आला म्हणून लीकच असेल असंही नाही. आत ओलावा असेल तर व्हॅक्यूममध्ये त्याची वाफ होते, तेलात विरघळलेला गॅस सुटत राहतो, कधी गेजच्या स्वतःच्या होजचा वॉशर गळत असतो. या तिन्हींमुळे काटा चढतो आणि गाडीतला चांगला भाग बदलला जातो.

व्हॅक्यूमचं खरं काम हवा आणि ओलावा काढण्याचं. पाण्याचा अंश आत राहिला तर तो एक्सपान्शन वॉल्व्हपाशी गोठतो, तेलाशी आणि गॅसशी मिळून आम्ल करतो. त्या कामासाठी व्हॅक्यूम हवाच. लीकच्या बाबतीत तो एवढंच सांगतो, की एखादा जोड सैल राहिलेला नाही.

रिकाम्या सिस्टिमची दाबाखाली परीक्षा घ्यायची तर रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन भरतात, उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत. त्यात पाच टक्के हायड्रोजन असलेलं मिश्रण वापरलं, तर हायड्रोजन ओळखणाऱ्या डिटेक्टरने फार बारीक लीकही सापडतं. गॅरेजच्या एअर कॉम्प्रेसरची हवा भरू नये, तिच्यात ओलावा असतो. ऑक्सिजन तर कधीच नाही. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

"डाय आणि डिटेक्टर हे बहाणे"

एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२७९१ या मानकात बसणाऱ्या डिटेक्टरला वर्षाला ४, ७ आणि १४ ग्रॅम अशा तीन पातळ्यांवर लीक ओळखता यावं लागतं. साबण आणि व्हॅक्यूम याच्या जवळपासही जात नाहीत. बहाणा यंत्रात नसतो, ते फिरवण्यात असतो. इंजिनावरून पाच सेकंदांत नळी फिरवून 'लीक नाही' म्हणणारा माणूस दिसला, तर तुमचा संशय रास्त आहे.

नीट फिरवणं असं असतं. इंजिन बंद, आत किमान ५० पीएसआय दाब, आजूबाजूला वारा नाही. टोक जोडापासून पाच-सहा मिलिमीटरवर आणि वेग सेकंदाला दोन-चार सेंटीमीटर. आर-१३४ए हवेच्या साडेतीन पट जड, म्हणून जोडाच्या खालच्या बाजूने फिरवायचं. टोकाला तेल किंवा पाणी लागू द्यायचं नाही. डिटेक्टर ओरडला की तिथली हवा फुंकून घालवायची आणि पुन्हा तपासायचं. पुन्हा ओरडला तरच खरं मानायचं, कारण साफसफाईच्या सॉल्व्हंटवरही तो ओरडतो. सर्व्हिस वॉल्व्ह, म्हणजे गॅस भरायची तोंडं, टोपण काढून बघायचे. कूलिंग कॉइलसाठी ब्लोअर थोडा वेळ पूर्ण चालवून बंद करायचा, काही मिनिटं थांबायचं आणि कॉइलवरचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी टोक धरायचं, नळीत पाणी नाही हे बघून. एवढ्याला वेळ लागतो, आणि बिलात तो वेळ दिसला तर त्यात गैर काही नाही.

डायचं बलस्थान चिकाटी. डाय तेलात मिसळते, तेलाबरोबर भोकातून बाहेर येते आणि यूव्ही दिव्याखाली पिवळसर हिरवी चमकते. शाफ्ट सीलसारखं, कॉम्प्रेसर फिरतानाच गळणारं लीक उभ्या गाडीवर डिटेक्टरला सापडेलच असं नाही. चार-आठ दिवस गाडी चालवल्यावर डाय तिथे खूण सोडते. पण होजच्या भिंतीतून फक्त गॅस जात असेल आणि तेल नाही, तर डाय काही दाखवणार नाही. कूलिंग कॉइल झाकलेली, तिथे पाण्याच्या नळीशी चमक दिसली तर नशीब. गॅस भरताना सांडलेली डाय सर्व्हिस वॉल्व्हपाशी आधीच चमकत असते, ती पुसली नाही तर वॉल्व्ह उगाच बदलला जातो. दुप्पट डाय टाकून दुप्पट दिसत नाही, तेल मात्र पातळ होतं. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत आणखी जपावं लागतं: तिथे विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला बहुधा पीओई जातीचं तेल असतं, आणि साध्या गाड्यांतल्या पीएजी जातीच्या तेलातली डाय गेली तर कॉम्प्रेसरचं विद्युतरोधन बिघडतं.

"नाहीच सापडलं तर सीलंट"

बाजारातले बरेच सीलंट ओलाव्याशी किंवा हवेशी संपर्क आला की घट्ट होतात. भोकाच्या तोंडाशी ते घट्ट झाले तर उत्तम. पण आत ओलावा असेल तर ते एक्सपान्शन वॉल्व्हमध्ये किंवा ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमध्ये घट्ट होतात, आणि गॅस ओढणाऱ्या मशीनमध्ये गेले तर मशीन बंद पाडतात. म्हणूनच बरीच गॅरेजं गॅस काढण्याआधी त्यात सीलंट आहे का ते तपासतात, आणि सापडला तर गाडीला हात लावत नाहीत. दगड लागून फाटलेला कंडेन्सर किंवा झिजलेलं शाफ्ट सील त्याने दुरुस्त होत नाही. आणि जे लीक एका नव्या ओ-रिंगने कायमचं बंद झालं असतं, अशा साध्या लीकवरही तो डबा रिकामा झालेला असतो.

तुमच्या गाडीत तो आधीच सोडला गेला असेल तर मेकॅनिकने होज जोडण्याआधी त्याला तसं सांगा, आणि डबा ठेवला असेल तर सोबत न्या.