आईच्या डोळ्यांतलं पाणी दुसऱ्याच गाण्याला

रात्री जेवणं चालू होती तेव्हा समोरच्या काकूंचा फोन आला, "अगं टीव्ही लाव, तुझी आई दिसतीय!" भाकरी टाकून आम्ही सगळे हॉलमध्ये. आई कपाळाला हात लावून खुर्चीत बसलेली, नातवंडं ओरडतायत. आणि खरंच आई दिसली. हिरवं इरकल, मोठं कुंकू, पदरानं डोळे पुसणारी, आणि तेही स्लो मोशनमध्ये. मागं पियानो.

घरातले टाळ्या वाजवत होते. आई मात्र माझ्याकडं बघून म्हणाली, "मी ह्याला कुठं रडलो व्हतो?"

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. झोप येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

झालं होतं असं. गाण्याच्या एका रिअ‍ॅलिटी शोचे पास भाच्याच्या मित्रानं मिळवून दिले. आईला पहिल्यापासून गाण्याचं वेड, पेठेतल्या भजनी मंडळात तिचे टाळ असतात. महालक्ष्मीनं रात्रभर प्रवास करून सकाळी दादरला उतरलो, तिथून गोरेगावकडच्या स्टुडिओत. पांढरं नको, काळं नको, बारीक चौकडा नको, कॅमेऱ्यात नाचतो, हे आधीच कळवलं होतं, म्हणून आईनं इरकल काढलं. दारात मोबाइल जमा. एका मुलीनं आईकडं बघितलं, "आजींचा फेस छान आहे" म्हणाली आणि तिला दुसऱ्या रांगेत कडेला बसवलं. मला मागं पाठवलं.

आणि मग गाणं सुरू व्हायच्या आधी टाळ्या सुरू झाल्या.

हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते. स्टेजवर कुणी नाही. परीक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या. कानाला हेडफोन लावलेला एक पोरगा समोर उभा राहून सांगतो, "आता हसा." आपण हसायचं. "आता एकदम आश्चर्य!" तोंडावर हात ठेवायचा. "आता इमोशनल." आणि शेवटी, "उभं राहून, जोरात, थांबायचं नाही!" डोक्यावरून क्रेनचा कॅमेरा फिरतोय. आई बसूनच राहिली. पोरगा जवळ आला, "आजी, टाळ्या." आईनं विचारलं, "कुणासाठी?" तो म्हणाला, "सगळ्यांसाठी." "अरे बाळा, अजून कुणी गायलंच नाही की."

त्या पोरावर माझा राग नाही. सकाळपासून उभा होता, घसा बसला होता, दुपारी सहाएकशे डबे आले तेव्हाही त्याच्या हातात डबा दिसला नाही. माझ्या शेजारी जी बाई होती तिच्यावरही नाही. ती रोजंदारीवर प्रेक्षक म्हणून बसते. सकाळी कॉमेडी, दुपारी गाणं, पिशवीत दोन साड्या जादा, कारण एकाच साडीत दोन भागांत दिसलं तर चालत नाही. मला म्हणाली, "ताई, गाल दुखतात हो संध्याकाळी." तिचं पोट आहे त्याच्यावर. राग आहे तो हे सगळं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यावर.

आपण कोल्हापूरची माणसं. आपल्याला ऐकायची सवय आहे आणि ऐकणाऱ्याचा मान काय असतो तेही ठाऊक आहे. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादियाखाँसाहेबांसारखे गवई होते ते गाव हे. देवल क्लब 1883 पासूनचा. तिथं मैफलीला आई मागच्या रांगेत बसते, आणि गाणं जमत नसेल तर एक शब्द बोलत नाही, फक्त नजर खाली सतरंजीवर जाते. जमलं की हात आपोआप उचलला जातो. तिच्या त्या हातासाठी समोरच्याला गावं लागतं. मागून मिळत नाही तो.

खासबागेत, आपल्या कुस्तीच्या मैदानात बघा. दोन पैलवान आधी ठरवून लढायला लागले की कट्ट्यावरच्या म्हाताऱ्याला दोन मिनिटांत कळतं. "नुरा हाय रं!" म्हणून ओरडतात, आणि निकाली कुस्ती झाल्याशिवाय पब्लिक हलत नाही. त्या दिवशी त्या स्टुडिओत आम्हाला नुरा कुस्तीचं पब्लिक करून बसवलं होतं, एवढंच मला म्हणायचंय. लढत खरी होती, पोरं जीव तोडून गात होती. खोटं पाडलं ते आम्हाला.

हो, मान्य आहे, टीव्हीला एडिटिंग लागतं. दिवसभराचं तासात बसवायचं तर कापाकापी होणारच. एवढं मलाही कळतं.

पण ऐका, आई खरंच रडली कधी ते. गडहिंग्लजकडची एक मुलगी आली. साधा ड्रेस, पायातली चप्पल बाजूला काढून ठेवली, अभंग म्हटला. पहिला आलाप झाला आणि मला मागून आईचा खांदा हलताना दिसला. तिसऱ्या कडव्याला मुलीचा आवाज किंचित फाटला, तशीच ती वर गेली, थांबली नाही, आणि आईनं पदर डोळ्याला लावला. कुणी सांगितलं नव्हतं. हेडफोनवाला पोरगासुद्धा गप उभा राहून ऐकत होता. गाणं संपल्यावर क्षणभर टाळी आलीच नाही, आणि मग जी आली ती आमची होती.

ते पाणी आज दुसऱ्या एका मुलाच्या गाण्याला लावलं. त्याच्या वडिलांचं आजारपण, कर्ज, घराचे फोटो, मग गाणं, मग आमची आई. मुलगा चांगला गातो, त्याचं दुःखही खरं असेल, त्याला मी काही म्हणणार नाही. पण तो गात होता तेव्हा आई हॉलमध्येच नव्हती! एसीनं आणि उपाशी बसून तिची साखर उतरली होती. हातापाया पडून तिला बाहेर आणलं होतं, बाकावर बसून ती माझ्या पर्समधली ग्लुकोजची बिस्किटं खात होती. त्या वेळचं तिचं रडणं यांनी आज महाराष्ट्राला दाखवलं.

आणि त्या मुलीचा अभंग? एक कडवं. मधेच जाहिरात.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, आई टीव्हीवर दिसली, खूश व्हा. घरातलेही तेच म्हणाले. माझ्या नवऱ्यानं तर फोटो काढून स्टेटसलाही ठेवला. पण विचार करा, घरी बसलेली लाखभर माणसं प्रेक्षकांकडं बघूनच ठरवतात ना, हे गाणं लागलं की नाही लागलं? मग मतं देतात. म्हणजे आईच्या डोळ्यांची साक्ष काढली, आणि ती फिरवून दुसऱ्याच्या बाजूनं उभी केली. कोर्टात केलं तर गुन्हा ठरेल हा.

1995 साली हिंदीत सा रे ग म सुरू झालं तेव्हा आम्ही पोरं होतो. मोठमोठे पंडित-उस्ताद परीक्षक म्हणून बसायचे, सोनू निगम सूत्रसंचालन करायचा. गाणारा यायचा, गायचा, चुकलं तर चुकलं म्हणून सांगायचे. कुणाच्या घरचं कर्ज आम्हाला माहीत नसायचं. आजच्या शोमुळं लहान गावातल्या पोरांना स्टेज मिळतं हे बरोबर, आपल्या जिल्ह्यातलीही पुढं गेली, अभिमान आहे. ते स्टेज प्रामाणिक ठेवा एवढंच मागणं आहे.

लिहिता लिहिता आठवलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर ते. सकाळी आईला घेऊन गेले. खासबागेच्या बाजूला माणसं नुसती उभी होती, पेठेतली, नाटकवाली, तिकीट काढून वर्षानुवर्षं येणारी. आई रडत होती, शेजारचा अनोळखी माणूस रडत होता. त्यानं तिला आपली पाण्याची बाटली दिली. ती माणसं प्रेक्षकच होती. स्टेजवर पाऊल न टाकलेली, तरी घर गेल्यासारखी उभी होती. अशा माणसांना तुम्ही "आता इमोशनल" म्हणून सांगता?

आई आता झोपलीय. झोपायच्या आधी म्हणाली, "असू दे गं. पण त्या पोरीला वाटलं असंल, आपलं गाणं कुणाला लागलंच न्हाई." हे मात्र माझ्या जिवाला लागलंय. चॅनलला मेल टाकलाय, उत्तर यायचं तेव्हा येईल.

गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडचे बरेच जण माझ्या यादीत आहेत. त्या मुलीच्या घरच्यांना कुणी ओळखत असेल तर तिचं नाव-नंबर इथं कमेंटमध्ये टाकू नका, तिला त्रास होईल. फक्त तिला निरोप द्या की हिरव्या इरकलातल्या ज्या आजी आज टीव्हीवर दिसल्या, त्या तुझ्या अभंगाला रडल्या होत्या, तिसऱ्या कडव्याला. आणि तिची तयारी असेल तर मला मेसेज करायला सांगा. आईला तिच्याशी बोलायचंय. दुपारी चारनंतर करा म्हणावं, त्याआधी ती भजनाला असते.