92 टक्के मिळवून आर्किऑलॉजी??

लग्न असो, बारसं असो नाहीतर कुणाचं तेरावं, पंगतीत कुणीतरी काका विचारणारच, "मग सध्या काय करतेस?" आर्किऑलॉजी म्हटलं की आधी "अरे वा, आर्किटेक्चर का?", मग मी नाही हो काका पुरातत्त्व, उत्खनन वगैरे, मग जरा शांतता आणि मग आईकडे बघून "दहावीला 92 टक्के होते ना हिला?" जसे काय मी ते टक्के जुगारात घालवले. अहो तुमचाच दादा मेकॅनिकल करून आता बँकेच्या परीक्षा देतोय, त्याला कुणी स्कोप विचारत नाही!

बरं विषयात काय आहे ते एकाला ऐकायचं नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे, तिथे तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती निघाली, लहान मुलं मडक्यात पुरलेली, मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडून पुरलेले, घराच्याच जमिनीखाली! हे सांगितलं तर प्रश्न काय, "सोनं-बिनं सापडतं का गं?" दायमाबादला 1974 साली ब्राँझचा रथ सापडला सांगितलं तर "विकला असता तर किती आले असते".

आणि सगळ्यात डोकं फिरतं ते बाबांमुळे. घरी म्हणतात तुला आवडतं ते कर आणि बाहेर चारचौघात ठोकून देतात, "हे नुसतं डिग्रीपुरतं हो, ती पुढे यूपीएससी देणारे." मी कधी म्हटलं?? एकदा तरी म्हटलंय का मी??