पूल बंद आहे, वजन सांगा

आज सकाळी एका अनोळखी गृहस्थांनी भर रस्त्यात, मागे खोळंबलेल्या सगळ्या वाहनचालकांच्या देखत, मला माझे वजन विचारले. मी उत्तर द्यायला नकार दिला, तेव्हा माझ्या मागच्या दुचाकीवरच्या माणसाने हेल्मेटची काच वर करून, त्याचे मत कोणीही मागितलेले नसताना, "नव्वद असेल," असा अंदाज जाहीर केला. माझे वजन नव्वद नाही. ते किती आहे हा प्रश्न वेगळा, परंतु नव्वद नाही, आणि हे तिथल्या तिथे सांगायचे राहून गेल्यामुळे आता लिहून सांगावे लागत आहे. पुलाचा विषय त्या ओघात येईलच.

पूल दुरुस्तीसाठी बंद आहे आणि मला पलीकडे जाऊन तयार झालेला चष्मा आणायचा होता, एवढी पार्श्वभूमी पुरे. पुलाच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा दोन बॅरिकेड, त्यांवर 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' असा फलक आणि त्या फलकाच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसलेले एक उतारवयीन गृहस्थ, असे दृश्य होते. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती, हातात गुंडाळलेले वर्तमानपत्र होते आणि चेहऱ्यावर, आयुष्यभर वाट पाहिल्यानंतर अखेर योग्य पद मिळालेल्या माणसाचे समाधान होते. गणवेश नव्हता, पण त्यांच्या बसण्यात इतका अधिकार होता की गणवेशाची उणीव माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

मी गाडीची काच खाली केली.

"कुठे निघालात?"

"पलीकडे."

"पलीकडे सगळ्यांनाच जायचंय. कशासाठी, ते सांगा."

एरवी असल्या प्रश्नाला मी उत्तर दिले नसते. परंतु रस्ता अडवून बसलेल्या माणसाशी बोलताना आपला आवाज आपोआप अर्जदाराचा होतो. मी चष्म्याचे सांगितले.

"मग आत्ता डोळ्यांवर आहे तो काय आहे?"

"तो जुना आहे. त्यातून नीट दिसत नाही."

त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी उलगडली, माझ्यापासून हातभर अंतरावर धरली आणि एका बातमीवर बोट ठेवून म्हणाले, "हे वाचा बरं."

मी वाचले. का वाचले, याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. वाचून झाल्यावर त्यांनी खालच्या बारीक टाइपातली ओळ दाखवली. तिथे मी एका शब्दाला अडखळलो, तेव्हा त्यांनी तो शब्द मला सांगितला आणि वर्तमानपत्र पुन्हा गुंडाळले. "दिसतंय की. महिनाभर सहज निघेल."

एवढ्यात सायकलवर लांबलचक शिडी आडवी बांधलेला एक माणूस आला, बॅरिकेडच्या फटीतून शिडी तिरकी करत सफाईने निघाला आणि पुलावरून निवांत चालता झाला. गृहस्थांनी त्याला मान डोलावून निरोपही दिला.

"तो कसा गेला?" मी विचारले.

"तो हलका आहे."

"मग मी गाडी इथेच लावतो आणि चालत जातो."

याच ठिकाणी त्यांनी मला डोक्यापासून, म्हणजे खिडकीतून दिसत होतो तिथपर्यंत, न्याहाळले आणि तो प्रश्न विचारला. मागून नव्वदाचा आकडा आला. तो ऐकून गृहस्थ गंभीर झाले. "नव्वद म्हणजे विचार करायला हवा," असे म्हणून त्यांनी खरोखरच पुलाकडे वळून विचार केला. मागे भोंगे वाजत होते, त्यांचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. मग ते म्हणाले, "जाताना एक वेळ चालेल हो. पण येताना चष्मापण असणार."

घरी आल्यावर मी या प्रकरणाचा अभ्यास केला. माणसांनी चालण्यासाठी बांधलेल्या पुलाच्या आराखड्यात प्रत्येक चौरस मीटरवर साधारण 400 ते 500 किलो भार येईल असे धरून चालतात, म्हणजे हातपाय न हलवता येतील इतक्या दाटीने माणसे उभी राहिली तरी पुलाने तक्रार करू नये अशी अपेक्षा असते. हा तर मालवाहू ट्रक पेलण्यासाठी बांधलेला पूल आहे. दुरुस्तीला आलेला असला तरी मी आणि माझा चष्मा यांचा त्याच्या हिशेबात कुठेही उल्लेख असण्याचे कारण नाही. हे सगळे मला त्या वेळी ठाऊक असते तर मी त्या दुचाकीस्वाराला ऐकवले असते. अर्थात तो पुन्हा काच खाली करून बसला होता, त्यामुळे त्याला ऐकू गेले असते की नाही, याची शंकाच आहे.

शेवटी मी गृहस्थांना विचारले, "आपण कोणत्या खात्याचे?"

"छे, छे, मी कुठला खात्याचा? मी समोर राहतो." त्यांनी वर्तमानपत्राने रस्त्याकडेचे एक घर दाखवले. घराचे फाटक एका बाजूने बिजागरीतून निखळून तिरके लटकत होते. "रस्ता बंद केला त्या दिवशी इथे चिटपाखरू नव्हतं. लोक थेट पुलापर्यंत यायचे, मला शिव्या द्यायचे आणि माझ्याच फाटकात गाडी वळवायचे. तिसऱ्या ट्रकला फाटक गेलं. मग म्हटलं, आपणच बसावं. शिट्टी नातवाची आहे."

इथे मला त्यांच्यावर रागवायचे होते आणि रागावता येईना, ही या प्रकरणातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट आहे. ज्या माणसावर मनसोक्त चिडावे तोच आपल्यापेक्षा जास्त पीडित निघाला, तर चिडीचे करायचे काय? पूल बंद करणाऱ्यांपैकी तिथे कोणीही नव्हते. मला थांबवण्याचे, हुसकावण्याचे आणि माझी नजर तपासण्याचे सर्व काम एक मोडके फाटक सांभाळत बसलेला माणूस फुकट करत होता.

पूल बंद का करावा लागतो, हे मला समजत नाही अशातला भाग नाही. उन्हाळ्यात पूल लांबतो आणि थंडीत आखडतो. 100 मीटर लांबीच्या पुलाच्या बाबतीत तापमानात 30 अंशांचा फरक पडला की हा हिशेब तीन ते साडेतीन सेंटिमीटरपर्यंत जातो. एवढी हालचाल त्याला करता यावी म्हणून पुलाच्या भागांमध्ये सांधे ठेवलेले असतात आणि वरचा रस्ता खालच्या खांबांवर थेट न टेकता बेअरिंगवर टेकलेला असतो. ही बेअरिंग बहुधा रबराचे आणि पोलादी पत्र्यांचे थर देऊन केलेली असतात आणि ती थकली की बदलावी लागतात. त्यासाठी जॅक लावून पुलाचा अख्खा वरचा भाग काही मिलिमीटर वर उचलतात. सगळे जॅक एका चालीने उचलले जावे लागतात, नाहीतर एका बाजूचा भार दुसऱ्या बाजूवर जाऊन नव्या चिरा पडतात. हे चालू असताना वरून माझी गाडी जाऊ नये, हे मी आनंदाने मान्य करतो. नव्या काँक्रीटची ताकद 28 दिवसांनंतरची धरून आराखडे केलेले असतात, हेही मान्य आहे. त्याला घाई करा म्हणण्यात अर्थ नसतो.

इटलीतल्या जिनोआ शहराचा उंच पूल 14 ऑगस्ट 2018 रोजी भर वाहतुकीत कोसळला आणि 43 माणसे गेली. त्याची दुरुस्ती ठरत होती, पण वाहतूक चालू होती. हे वाचल्यापासून पूल बंद असल्याचा फलक दिसला की मी मनातल्या मनात तो बंद ठेवणाऱ्या अभियंत्यांना धन्यवाद देतो. माझे भांडण पूल बंद असण्याशी नाही. तो बंद असल्याचे मला पुलापाशी पोहोचल्यावर कळते, याच्याशी आहे. ज्या चौकातून पर्यायी मार्गाला वळायचे तो चौक पार मागे राहिलेला असतो आणि त्या चौकात साधा बाणसुद्धा नसतो. माणसाला वळण्याची संधी असेपर्यंत काही सांगायचे नाही आणि ती संपली की मोठ्या अक्षरांत क्षमा मागायची, ही पद्धत कोणी काढली ते मला एकदा पाहायचे आहे. 'काम पूर्ण होण्याची तारीख' या शब्दांपुढे फलकावर तारीख आहे, पण ती खोडून चिकटवलेल्या कागदावर आहे आणि त्या कागदाचा कोपरा उचलला की खाली आणखी एक कागद दिसतो. मी उचलून पाहिला. गृहस्थ म्हणाले, "त्याच्या खालीपण आहे."

चौकात परत आलो तेव्हा पर्यायी मार्ग कोणता हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून सगळे जण एका पांढऱ्या गाडीच्या मागे लागले. तिचा चालक विलक्षण आत्मविश्वासाने वळणे घेत होता. एका अरुंद गल्लीतून दुसऱ्या अरुंद गल्लीत, तिथून एका बोळात, अशी आमची लांब रांग त्याच्यामागे विनाशंका चालली होती आणि मला तर, इतक्या लोकांना ठाऊक असलेला हा रस्ता आपल्याला आजवर कसा ठाऊक नव्हता, याची थोडी लाजही वाटली. बोळाच्या शेवटी ती गाडी थांबली. चालक उतरला, त्याने स्वतःच्या घराचे फाटक उघडले, मागे वळून पाहिले आणि तो तसाच उभा राहिला. त्याच्या घरात काही वाईट घडले आहे आणि आम्ही सगळे भेटायला आलो आहोत, असे त्याला वाटले असावे. कारण त्याने आधी घाबरून घराकडे पाहिले. त्यानंतर त्या बोळातून आम्ही एकेक करून मागे मागे बाहेर पडलो. त्याचे वर्णन मी करणार नाही. आरशात पाहून गाडी मागे घेण्याची कला अवगत असल्याचा ज्यांचा दावा असतो, त्यांपैकी बरेच जण आज त्या बोळात होते.

अडकल्या अवस्थेत मी गणित शिकवणाऱ्या एका मित्राला फोन केला, तो सहानुभूती मिळावी म्हणून. त्याने मला कोनिग्सबर्गची गोष्ट सांगितली. त्या शहरात नदीवर सात पूल होते आणि प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सातही पुलांवरून फिरायचे, मग शेवट कुठेही होवो, असे कोडे तिथे प्रचलित होते. ऑयलर या गणितज्ञाने 1736 च्या सुमारास हे अशक्य असल्याचे सिद्ध केले आणि त्यातून गणिताची एक नवी शाखा निघाली. हे मला अर्धवट ठाऊक होते. नंतर मित्र म्हणाला, "गंमत अशी आहे की त्या सातांपैकी कोणताही एक पूल दुरुस्तीसाठी बंद ठेवला असता, तर उरलेल्या सहांवरून तसं फिरणं लगेच जमलं असतं. कोडं सुटायला पूल कमी व्हायला हवा होता." मी म्हटले, "इथे आधीच एक पूल आहे आणि तोच बंद आहे." तो म्हणाला, "म्हणजे तुझं गणित फारच सोपं आहे," आणि त्याने फोन ठेवला. मित्र निवडताना विषय पाहून निवडावेत, असे मला त्या बोळात प्रकर्षाने वाटले.

लोकांना वेळेत सांगितले की काय होते, याचे उदाहरण जगात आहे. जुलै 2011 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका पुलाचा अर्धा भाग पाडण्यासाठी अतिशय गजबजलेला महामार्ग शनिवार-रविवार बंद ठेवायचा होता. तिथल्या यंत्रणांनी आधीपासून इतका गाजावाजा केला, लोकांना इतके घाबरवले की त्या दोन दिवसांत माणसे गाड्या घेऊन बाहेरच पडली नाहीत. रस्ते ओस पडले आणि काम ठरल्या वेळेच्या सुमारे 17 तास आधी संपले. त्या शनिवारी शहराच्या एका टोकाच्या विमानतळावरून दुसऱ्या टोकाच्या विमानतळाकडे जाणारे विमान आणि काही सायकलस्वार यांची शर्यत लागली आणि ती सायकलस्वारांनी जिंकली. मला शर्यत नको आहे. विमान तर नकोच आहे. मला चौकात एक बाण हवा आहे.

म्हणून दुपारी मी संबंधित कार्यालयात फोन लावला. बऱ्याच जणांकडून फिरत फिरत तो एका साहेबांपर्यंत पोहोचला. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, हे मला नमूद केले पाहिजे.

"फलक लावलेला आहे ना?" त्यांनी विचारले.

"आहे. पण तो पुलापाशी आहे."

"आणि बंद काय आहे?"

"पूल."

"मग फलक बरोबर जागी आहे," असे म्हणून त्यांनी माझी तक्रार निकाली निघाल्याचे मला सांगितले आणि तिचा क्रमांक लिहून घ्यायला लावला.