खुलासा : ‘जिप्सम टाका, क्षारपड रान सुधारेल’ हे अर्धसत्य

वाळवा, पलूस, मिरजेकडे स्वस्तात क्षारपड रान घेणाऱ्यांसाठी एक मेसेज फिरतोय : ‘जिप्सम टाका, वर्षात पीक येईल.’ सरसकट असं होत नाही.

जिप्सम उपयोगी पडतं ते चोपण जमिनीला. तिथं सामू (pH) सहसा ८.५ च्या वर असतो आणि सोडियम मातीला घट्ट चिकटलेला असतो. जिप्सममधलं कॅल्शियम त्याला हटवतं. नुसती खारवट, वर पांढरं फूल आलेली जमीन वेगळी. तिला चर किंवा सच्छिद्र पाइपांचा निचरा आणि गोडं पाणी लागतं. निचऱ्याविना चोपणही सुधारत नाही. सुटलेला सोडियम जाणार कुठं?

इसार देण्याआधी माती तपासा, शेजारच्या विहिरीत पाणी किती वर आहे तेही बघा; फार वर असेल तर निचरा अवघड. एजंट हे सांगत नाही!