सोळाशे मारलं, पण वडिलांचा 'राव' आडवा आला

सैन्यात अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांच्या नोकरीवर, निवड झाली, मेडिकल फिट निघालं, मेरिटला नाव लागलं आणि तिथून पुढे माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर यायला तयार नाही. लोकांना वाटतं भरतीत अवघड काय, तर ग्राउंड. अरे ग्राउंड सोपं असतं! १६०० मीटर ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत मारा, ६० गुण. बीमला लटकून १० पुलअप्स काढा, ४० गुण. ९ फुटी खड्डा उडी मारून पार करा. नियम लिहिलेला असतो, हातात स्टॉपवॉच असतं आणि पाय माझे असतात. दम लागला तर मला लागतो, त्याला कोणाच्या सहीची गरज नाही. खरी भरती सुरू होते ती घर सोडायच्या आधीच्या कागदांत. तिथे पळून काही होत नाही, तिथे नुसतं उभं राहायचं.

तर झालंय असं. माझ्या दहावीच्या मार्कलिस्टवर वडिलांचं नाव साधं आहे. आधार कार्डावर त्याच नावाला मागे 'राव' लागलाय. कोणी लावला? गावात आधारचा कॅम्प आला होता तेव्हा मशीनवर बसलेल्या पोराने आदराने लावला. वडिलांना जन्मात कोणी राव म्हटलेलं नाही, सोसायटीत कर्ज मागायला गेले तेव्हा तर नाहीच नाही. आईचंही तेच, एका कागदावर नावामागे 'बाई', दुसऱ्यावर नुसतं नाव. आणि माझं स्वतःचं नाव बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनावापासून सुरू होतं, आधारवर आडनाव शेवटी. महाराष्ट्र बोर्डातून पास झालेल्या निम्म्या पोरांची हीच बोंब असेल, मी काही जगावेगळा नाही. भरतीला नाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख सगळं दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे लागतं. आणि ते बरोबरच आहे. उद्या माझं बरंवाईट झालं तर त्याच नावांवर घरच्यांना काय ते मिळणार. सैन्यावर माझा राग नाही, त्यांनी काय पाहिजे ते आधीच छापून दिलंय. राग आहे तो 'राव' काढायला गेल्यावर जे सुरू झालं त्यावर.

आधार केंद्रावाला म्हणतो वडिलांना घेऊन या, अंगठा लागेल. नेलं. अंगठा उमटत नाही. सगळा जन्म खोऱ्या-कुदळीला धरलेल्या हातावर रेषा उरल्यात कुठे? तेल लावा, पुसा, परत ठेवा, जोरात दाबा. वडील एकदा माझ्याकडे बघतात, एकदा त्या लाल दिव्याकडे. मग पुरावा मागितला. पॅन दिलं, तर पॅन आधारवरूनच काढलेलं, त्यावरही 'राव'. सातबाऱ्यावर तिसराच प्रकार. कोणी म्हणालं प्रतिज्ञापत्र करा, 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' म्हणून. दुसरा म्हणाला प्रतिज्ञापत्र कोण विचारतं, राजपत्रात छापून आणा. तिसऱ्याने घाबरवलं, जपून करा, आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणजे चूक मशीनवाल्याने करायची आणि दोन संधींतली एक माझ्या बापाची जायची. मशीनवाल्याला किती संधी असतात ते मात्र कुठे लिहिलेलं नाही.

आणि हा 'राव' एका जागी थांबला असता तरी चाललं असतं. डोमिसाइल, म्हणजे रहिवासी दाखला, काढताना नाव आधारवरून उचललं, म्हणून डोमिसाइलवर 'राव'. म्हणून डोमिसाइल नव्याने काढा. आपले सरकार पोर्टलवर अर्ज टाकला, कागद अपलोड केले, पैसे भरले. स्टेटस काय? प्रलंबित. का प्रलंबित? साहेबांचं डिजिटल सहीचं डोंगल चालत नाही. मग डोंगल चाललं तर सर्व्हर बंद. सर्व्हर आला तर साहेब जेवायला. साहेब जेवून आले तर कोणत्या तरी मंत्र्यांचा दौरा, सगळा स्टाफ तिकडे. खिडकीवर सांगितलं, अहो डिस्पॅचची, ट्रेनिंगला रवाना व्हायची, तारीख आलीय माझी, त्या दिवशी हजर झालो नाही तर सीट जाईल. आतला बाबू मान वरही न करता म्हणतो, "तारीख तुमची आहे, आमची नाही."

त्याच भिंतीवर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा बोर्ड टांगलाय. उभा राहून राहून पाठ झालाय माझा. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर पहिलं अपील, मग दुसरं अपील, मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. वाचायला फार गोड आहे. पण मी अपिलात गेलो तर तिसरी पायरी येईपर्यंत माझी बॅच ट्रेनिंग संपवून, शपथेची कसम परेड करून युनिटला पोचलेली असेल! आणि मजा बघा, बाहेर झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर बसलेला एजंट हाच दाखला दोन दिवसांत देतो म्हणतो. चालत नसलेलं डोंगल त्याच्यासाठी कसं काय चालतं, हे कोणीतरी मला समजावून सांगा.

आता दाखल्यांच्या वयाचं ऐका. चांगल्या वर्तणुकीचा दाखला सहा महिन्यांच्या आतला पाहिजे. सरपंचाचा वेगळा, शाळेचा वेगळा, पोलिसांचा आणखी वेगळा. त्याशिवाय अविवाहित असल्याचा दाखला, फोटो चिकटवलेला, तोही सहा महिन्यांच्या आतला. रॅलीला जाताना हे सगळं काढलं होतं. मेडिकल, निकाल, मेरिट होईपर्यंत सगळे शिळे झाले. चला परत. कोणाची म्हैस कधी व्याली, कोणाची सून कधी माहेरी गेली, हे आमच्या गावाला न विचारता माहीत असतं. माझं लग्न झालेलं नाही एवढं लिहून द्यायला मात्र शिक्का लागतो, शिक्का ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे, आणि त्यांच्याकडे दोन गावांचा चार्ज. आमचे वार मंगळवार आणि शुक्रवार, म्हणजे फळ्यावर. मंगळवारी पंचायत समितीत मीटिंग, शुक्रवारी वरच्या साहेबांची व्हिडिओ कॉन्फरन्स. आत्या तर म्हणाली, एवढ्या वेळात तुझं लग्न उरकलं असतं. तिला हसू येतंय, मला येत नाहीये.

कॉलेजवाल्यांचं वेगळंच. सोडल्याचा दाखला पाहिजे तर आधी पूर्ण वर्षाची फी भरा, मूळ मार्कलिस्ट तोवर आमच्याकडे. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवू नका म्हणून यूजीसीने कधीचं सांगून ठेवलंय, पण ऐकतो कोण? जिथे कंत्राटी कामाला होतो तिथल्या ठेकेदारानेही शेवटच्या महिन्याचा पगार दाबून ठेवलाय. म्हणतो, "तू आता सरकारी माणूस, तुला काय कमी!"

या सगळ्यात घरी यावं तर ओसरीवर हिशेबनीस बसलेले. चार वर्षांनी काय? पेन्शन आहे का? ग्रॅच्युइटी? मला माहीत नाही का हे? १४ जून २०२२ ला ही अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हापासून हेच ऐकतोय. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,०००, त्यातले ३० टक्के सेवानिधी नावाच्या फंडाला कापून हातात २१,०००. तेवढीच भर सरकार घालणार, शेवटी साधारण १० लाख, त्यावर आयकर नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. बॅचमधले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होणार, बाकीचे घरी. रजा वर्षाला ३० दिवस. झोपेतून उठवून विचारा, सांगेन. त्यांचं म्हणणं खोटं आहे असंही नाही. ४ वर्षांचा काटा मलाही टोचतो, त्याच वयाचे सोबती तोवर कुठेतरी चिकटलेले असतील आणि मी परत अर्ज भरत असेन, हे मी रात्री पडल्या पडल्या शंभरदा घोळवलंय. पण तो विचार करायची वेळ पळायला लागण्याआधी होती, आणि मी तो केला. आता पेटी भरायच्या वेळी येऊन तुम्ही माझं पुढचं आयुष्य मोजून काय मिळवता? आईसमोर तर बोलूच नका. तुम्ही चहा पिऊन जाता, रात्री ती मला विचारत बसते, "खरंच चारच वर्षं का रे?" आणि हेच काका जाताना फाटकाशी थांबून हळूच म्हणतात, तिकडे कोणाशी ओळख झाली तर आमच्या बारक्याचं बघ.

याच मंडळींना अभिमान मात्र भरून आलाय. चौकात फ्लेक्स लागलाय, भला मोठा. वरच्या ओळीत सगळे नेते, मध्ये 'सौजन्य' म्हणून ज्यांनी पैसे दिले ते, आणि खाली कोपऱ्यात मी, तोही कॉलेजच्या आयकार्डवरचा फोटो. फ्लेक्सवाल्याने ना आधार मागितलं ना मार्कलिस्ट, आणि वडिलांना थेट 'रावसाहेब' करून टाकलंय. माझ्या कागदांवरून एक 'राव' निघता निघत नाही आणि इथे 'साहेब'ही जोडला!

आता ग्रामपंचायतीसमोर जाहीर सत्कार ठेवलाय. फेटा, शाल, श्रीफळ, बुलेटवरून मिरवणूक, डीजेही सांगितलाय म्हणे. प्रमुख पाहुण्यांना सवड नाही म्हणून कार्यक्रम दोनदा पुढे ढकलला. पाहुण्यांच्या तारखा सांभाळायला अख्खी कमिटी आहे, माझ्या एका तारखेला कोणी वाली नाही. काल सरपंचांचा फोन आला, भाषणाची तयारी ठेव, दोन शब्द बोलावे लागतील. म्हटलं बोलतो की, आप्पा. पण शाल नको, नारळही नको, तेवढा अविवाहित असल्याचा दाखला स्टेजवर द्या, सगळ्यांसमोर द्या, टाळ्या वाजवून द्या. तर म्हणतात, "अरे मी तर कधीच सही केली असती, पण शिक्का भाऊसाहेबांच्या बॅगेत, आणि भाऊसाहेब आज त्या दुसऱ्या गावाला."