तिसरी कसोटी हवीच!

आमचे अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. आकडे चोख ठेवायची सवय हाडामासात. कसोटी अजिंक्यपद स्पर्धेची त्यांची एक शंभरपानी वही आहे. घरच्या मालिका निळ्या पेनाने, बाहेरच्या लाल. २०२५ च्या नोव्हेंबरात गुवाहाटीला दक्षिण आफ्रिकेने आपल्याला ४०८ धावांनी हरवलं, तेव्हा त्यांनी गुण मांडले आणि पट्टी सरकवून विचारलं, "तिसरी कधी आहे रे?"

"नाहीये अण्णा. दोनच होत्या."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि वही मिटली. मला तो क्षण फार लागला, म्हणून हे लिहितोय.

दोन कसोटींची मालिका ही मालिकाच नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ॲडलेडला आपण ३६ धावांत गारद झालो. ती मालिका दोन सामन्यांची असती, तर मेलबर्न जिंकून १-१ वर गुंडाळली गेली असती. सिडनीला शेवटच्या दिवशी अंगावर चेंडू झेलत वाचवलेला सामना नाही, ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर जिंकलेली मालिका नाही, काहीच नाही. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची मुंबईची कसोटी आपण तीन दिवसांत हरलो होतो. पुढे कोलकाता जिंकलं, पण मालिका आपली झाली ती तिसऱ्या कसोटीत, चेन्नईला. आणि उलटं उदाहरण बघा. २०२३-२४ च्या आफ्रिका दौऱ्यात सेंच्युरियन त्यांनी जिंकलं, केपटाउन आपण दुसऱ्याच दिवशी खिशात घातलं. १-१. खरी चुरस तिथून सुरू व्हायची, तर दोन्ही संघ बॅगा भरून मोकळे!

मुळात अजिंक्यपदाचं हे वेळापत्रक आयसीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद, एकहाती ठरवत नाही. नऊ संघ, दोन वर्षांचं एक पर्व, त्यात प्रत्येकाच्या सहा मालिका, तीन घरी आणि तीन बाहेर, एवढीच चौकट. कोण कोणाशी किती कसोटी खेळणार हे त्या दोन देशांची क्रिकेट मंडळं आपसात ठरवतात. कमीत कमी दोन खेळा, बस. पहिल्या पर्वात प्रत्येक मालिकेला १२० गुण होते. म्हणजे दोन कसोटींच्या मालिकेत एका विजयाला ६०, आणि ॲशेसच्या, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेच्या, पाच सामन्यांत एका विजयाला फक्त २४! पुढे कोविडमुळे, मिळू शकणाऱ्या गुणांपैकी किती मिळाले याची टक्केवारी आली, नंतर विजयाला १२ आणि अनिर्णित सामन्याला ४ गुण ठरले. हिशोब सुधारला, पण खेळायचे सामने तसेच विषम राहिले.

२०२३-२५ च्या पर्वात आफ्रिकेच्या सहाही मालिका दोन-दोन कसोटींच्या. १२ सामने, ८ विजय, ६९.४४ टक्के, तक्त्यात अव्वल. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडशी त्या पर्वात एकही मालिका नाही. इंग्लंड मात्र २२ कसोटी खेळलं. आफ्रिकेच्या विजेतेपदाबद्दल माझ्या मनात किंतु नाही. लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात त्यांच्या मार्करमने १३६ धावा करून ऑस्ट्रेलियाला नमवलं, ते शंभर नंबरी सोनं. पण त्याच आफ्रिकेला फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूझीलंडला जवळजवळ दुय्यम संघ पाठवावा लागला, कारण घरी त्यांची टी-ट्वेंटी लीग चालू होती. गुण मात्र अजिंक्यपदाचेच गेले. हे बघून जीव तुटतो.

कसोटी भरवायला पैसा लागतो, भारत किंवा इंग्लंड समोर नसेल तर तो वसूल होत नाही, हे मला मान्य आहे. मग तिसऱ्या कसोटीचा खर्च आयसीसीने उचलावा. सहा मालिका तीन-तीनच्या केल्या तर अठरा सामने होतात. भारत आणि ऑस्ट्रेलिया गेल्या पर्वात १९ खेळलेच आहेत. म्हणजे मोठ्यांवर काडीचाही बोजा नाही, प्रश्न फक्त बाकीच्यांना हात देण्याचा आहे.

आपल्या नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रणजीचा सामना असतो, तेव्हा सकाळच्या गारठ्यात कानटोपी घालून लोक येऊन बसतात. त्यातल्या कुणालाही रणजीचा तक्ता विचारा, दोन वाक्यांत सांगेल, कारण तिथे गटातल्या प्रत्येक संघाशी गाठ पडते. सत्यजित बच्छावसारखा आपला नाशिकचा फिरकीपटू त्याच चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये घडला. या मुलांना पुढे कसोटीचं स्वप्न दाखवायचं, आणि तिथे मालिका रंगायच्या आत संपवायची?

२०२७ च्या मध्यात नवं पर्व सुरू होईल. त्याआधी 'किमान तीन' हा नियम व्हायला हवा. अण्णांनी नव्या वहीत प्रत्येक मालिकेला तीन रकाने आखायला घेतलेत.