टोफू खाऊन झाल्यावर नाव विचारणाऱ्यांसाठी

आज आमच्याकडे भिशी होती. ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, दही, कांदा आणि काळ्या तिखटाच्या रश्श्यात टोफू. मेनू सकाळीच ग्रुपवर टाकला होता, पण ग्रुपवरचं वाचतं कोण, तिथं नुसते हात जोडायचे असतात. एका मैत्रिणीने (नाव घेत नाही, ती हे वाचणार आहे) दोनदा रस्सा घेतला, भाकरी कुस्करून खाल्ली, बोटं चाटली आणि मग विचारलं, "पनीर कुठून आणलंस गं?" टोफू म्हटल्यावर ताट असं बाजूला सारलं, की मी तिला बाटवलीच. "आम्ही असलं काही खात नाही ओ." लगेच दुसरी, "पनीर परवडंना झालं का काय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आलेल्या बायकांसमोर दुसरं काय करणार. पण नंतर भांडी आवरताना डोकं तापलं ते अजून उतरलेलं नाही, म्हणून हे लिहितेय.

असलं काही म्हणजे कसलं ओ? सोयाबीन आहे ते. रात्री भिजवायचं, सकाळी वाटायचं, गाळायचं, ते दूध चांगलं उकळायचं, फाडायचं आणि फडक्यात बांधून वजनाखाली ठेवायचं. झाला टोफू. चीन-जपानात फाडायला समुद्राच्या पाण्यातून निघणारा एक खार वापरतात किंवा जिप्सम, आपल्या घरात लिंबू चालतं. अंडं नाही, मांस नाही. आणि सोयाबीन काय परदेशातून यायला लागतं? पावसाळ्यात बार्शीकडे जाऊन या, रस्त्याच्या दोन्ही बाजूला तेच. आपणच पिकवायचं, त्याचं तेल काढायचं, त्या तेलात पुऱ्या तळायच्या, उरलेली पेंड कोंबड्यांना घालायची. तोच दाणा माणसाने भिजवून वाटला की तो "असलं काही"!

आता अव्वांची गोष्ट सांगते. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, अक्कलकोटच्या बाजूच्या. अर्धं बोलणं कानडीत, पंचक्रोशीबाहेर फारशा गेलेल्या नाहीत. एका उन्हाळ्यात इथं जुळे सोलापूरला आमच्याकडे राहायला आल्या होत्या. दुपारी फ्रीज उघडला, टोफूचं पाकीट हातात घेतलं. "इदेन?" म्हणाल्या, म्हणजे हे काय? मी सांगायला लागले, चीन, प्रोटीन, वगैरे. त्यांनी अर्ध्यातच हात केला. पाकीट फोडलं, वास घेतला, बोटाने दाबून बघितलं आणि एवढंच विचारलं, "ह्याला पाणी किती सुटतं?"

पनीरसारखं आहे का, असं विचारलं नाही. महाग का स्वस्त, तेही नाही. स्वयंपाक येणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न पाण्याचा असतो. मग त्यांनी तो पंचात गुंडाळला, दोन ताटल्यांच्या मधे ठेवला आणि वर खलबत्ता. अर्ध्या तासाने ताटलीत हे एवढं पाणी. रील्समध्ये टोफू दाबायचं वेगळं यंत्र विकायला काढलंय लोकांनी. असो.

टोफू मला बेचव लागतो, असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो पाकिटातून काढून थेट ग्रेव्हीत टाकलेला असतो. त्याच्या पोटात पाणी भरलेलं, तो तुमचं मीठ-तिखट घेणार कुठे? दाबून काढा. कच्चट वास येत असेल तर मिठाच्या पाण्यात पाचेक मिनिटं उकळून घ्या. हो, वास येतो, मान्य आहे, पण मुळ्याला येत नाही? मग काळं तिखट, हळद, मीठ चोळा, वरून थोडं ज्वारीचं पीठ, आणि लोखंडी तव्यावर शेंगदाणा तेलात सगळ्या बाजूंनी खरपूस होऊ द्या. घाई करून उलटायला गेलात तर कड तव्यालाच चिकटून राहते. कांदा-खोबरं भाजून वाटलेलं, कूट, काळं तिखट, भरल्या वांग्याला करतो तसा रस्सा, आणि टोफू त्यात शेवटी. आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी बाहेर काढलात तर आणखी बरं. आतल्या पाण्याचा बर्फ होताना त्याला भोकं पडतात. मग पिळून टाकला की रस्सा पिऊन घेतो. हा काही माझा शोध नाही, जपानमध्ये जुनी रीत आहे.

आणि ते "पनीर परवडंना का?" बाई, पनीर दुधाचं, टोफू दाण्याचा. पनीरला स्वतःचं लोणी आहे, गोडी आहे. टोफूला ती नाही आणि नसू दे. पनीर टिक्क्यात टोफू घालून तो पनीर वाटत नाही म्हणून रडायचं हे आधी बंद करा.

दुसऱ्या टोकाच्या लोकांवरही माझा राग आहे. टोफू म्हटलं की ह्यांना सोया सॉस, तिळाचं तेल, व्हिनेगर आणि आणखी कसली तरी लाल पेस्ट लागते. पहिल्यांदा पाकीट आणणाऱ्या बाईने एका भाजीसाठी चार बाटल्या उघडायच्या आणि त्या फ्रीजच्या दारात वर्षभर नाचवायच्या? चिनी पद्धतीने केलेला छानच लागतो म्हणे, लेक पुण्यात खाऊन आलाय. लागत असेल. पण अव्वांनी त्या दुपारी बाटली मागितली नाही, काळ्या तिखटाचा डबा मागितला.

ह्या चीनवरून आठवलं. आपले डॉ. कोटणीस ह्याच गावचे. 1938 साली चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा केली, तिथेच लग्न केलं, 1942 साली तिथेच वारले. चार वर्षं त्या मुलखात काढलेल्या सोलापूरच्या माणसाने टोफू खाल्ला नसेल? मला तर वाटतं खाल्ला असणार, आणि खाताना शेंगा चटणीची आठवणही काढली असणार.

शेंगा चटणीचं निघालंच आहे तर ऐका, राग येऊ द्या. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीजांबरोबर आली. ज्या चटणीवर आपण गावाचं नाव मिरवतो तिच्यातले दोन्ही मानकरी बाहेरचे. एकादशीचं ताट बघा. बटाटा तिकडचा, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो तिकडचा, दाणे आणि मिरची तर सांगितलीच. देवाला चालतं. भिशीला चालत नाही!

बरं, हे फक्त टोफूचं नाही. ब्रोकोली घरात आली की "हे काय जिमवाल्यांचं". अगं, फ्लॉवर, कोबी आणि ब्रोकोली ही एकाच झाडाची माणसांनी केलेली रूपं आहेत. उकडून पाणी ओतून देता आणि मग गवत लागतं म्हणता. बारीक तुरे काढा, जिरं-लसणाच्या फोडणीत झाकण न ठेवता परता, उतरवताना मूठभर शेंगा चटणी. दांडा टाकू नका, साल काढली की आत गोड असतो. झुकिनी दोडक्या-भोपळ्याच्या कुळातली, पाणी सोडणारच. मूगडाळ घाला, मीठ शेवटी घाला. बोक चॉय मोहरीच्या नात्यातली, देठ आधी, पाला नंतर, बाकी सगळं राजगिऱ्यासारखं. महाग असतात, हे खरं. रोज कोण म्हणतंय?

अव्वांना त्याच मुक्कामात झुकिनी दाखवली होती. नखाने साल टोचली, "कवळी आहे" म्हणाल्या आणि चिरायला घेतली. संपला विषय. नाव आजही त्यांना माहीत नाही. भाजी मात्र करतात, आमच्याकडे आल्या की.

लिहिता लिहिता राग थोडा निवला. खरं सांगू का, त्या मैत्रिणीचंही चुकत नसेल तितकं. आपल्याकडे शाकाहारी बाईला बाहेर इतक्या वेळा फसवलेलं असतं, कधी केकमध्ये अंडं, कधी तेच तेल, तेच झारे, की ओळखीचं नसलेलं काही ताटात आलं की हात आखडतोच. माझाही आखडतो हॉटेलात. पण माझ्या स्वयंपाकघरात? जिथं तू पंधरा वर्षं जेवतेस?

आणि अनोळखी कशाला म्हणायचं तेही एकदा ठरवा. लक्ष्मी मंडईत अजून अंबाडी मिळते, घोळ मिळते, पाथरी घेऊन एखादी म्हातारी बसलेली असते. तुमच्या पोरांपुढे ह्या तीन जुड्या ठेवा आणि ओळखायला सांगा. ब्रोकोली ओळखतील, कार्टूनमध्ये बघितलेली असते. अंबाडीत ज्वारीच्या कण्या घालतात हे आता किती घरांत ठाऊक आहे? तेव्हा आमच्या परंपरेत बसत नाही वगैरे मला सांगू नका, परंपरा तुम्ही मंडईतच ठेवून आलाय.

कुणाला टोफू घरी करून बघायचा असेल तर दूध उकळताना मोठं पातेलं घ्या आणि गॅसपासून हलू नका, भसकन वर येतं. कच्चं ठेवू नका, चांगलं उकळलंच पाहिजे. उरलेला टोफू बुडेल एवढ्या पाण्यात फ्रीजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला. गाळल्यावर राहतो तो चोथा धपाट्याच्या पिठात मळा, कांदा-तीळ-ओवा जास्त घाला, कळतसुद्धा नाही. (कुणी विचारलं तर आधीच सांगा, नाहीतर माझ्यासारखी गत व्हायची.) काळं तिखट पाकिटातलं घेऊ नका, रस्सा नुसता लाल दिसतो. आमचं ह्या वर्षीचं झालंय करून. डबी घेऊन या, देते.